गव्हाच्या कोठीखालचा डबा

नवनाथला लोखंडाखेरीज कशाचंच कौतुक नव्हतं. निघोज्याच्या कंपनीत तो पंप तपासायच्या बेंचवर होता. ज्याला तेल लागतं, जे पायावर पडलं तर नख जातं, तेच खरं काम, असं त्याचं मत. आणि देवानं बायको दिली ती स्वप्नाली. मोशीच्या दोन खोल्यांत बसून ती जे घडवायची त्याला वजन नाही, आवाज नाही.

बेंचवर मोजमाप करणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांचा तयार संच, जुन्या सी भाषेतला. कंपनीतल्या नव्या मंडळींना येते पायथन. दोघींत बोलणं घडवणारी दुभाषी, तिला बायंडिंग म्हणतात, स्वप्नालीनं लिहिली होती. पण कॉम्प्युटर तीन तऱ्हांचे: ऑफिसात विंडोज, डिझाइनवाल्यांकडे मॅक, बेंचवर लिनक्स. तीन जावांच्या तीन चुली. एकीचं रांधलेलं दुसरीला चालत नाही. म्हणून तीच दुभाषी तिघींसाठी वेगवेगळी कंपाइल करायची, ज्याच्या त्याच्या पोटाला पचेल अशी. बाहेरचं हे तिचं पहिलंच काम, आणि मिळालं होतं नवनाथच्या फुशारकीवर. मेंटेनन्सच्या उद्धवरावांपुढे त्यानं छाती ठोकली होती, माझी बायको करील.

गुरुवारी कंपनीला सुट्टी, बेंच मोकळा. विंडोजवर चाललं, मॅकवर चाललं. बेंचच्या पडद्यावर मात्र चूक सांगणारी एक ओळ उमटली आणि सगळं थांबलं.

उद्धवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "घरी बोलत हुती म्हनता, आन् सासरी येऊन मुकी झाली व्हय? उद्या पयल्या शिफ्टला बेंच लागंल, राव. न्हाईतर आमी आपलं जुनंच लावतो."

नवनाथ बेंचकडे असा बघत राहिला, जणू सख्ख्या भावानं दगा दिला. स्वप्नालीनं ओळ पुन्हा वाचली आणि चूक आपलीच, असं सांगून टाकलं. तिनं दुभाषी घडवली घरच्या नव्या लिनक्सवर. बेंचवरचं लिनक्स म्हातारं. नव्यावर घडवलेलं म्हाताऱ्याला कळत नाही. म्हाताऱ्यावर घडवलेलं मात्र नव्यालाही चालतं. बेंचवर घडवायची सोय नाही, म्हणजे तितकंच म्हातारं दुसरं काहीतरी हवं.

"अहो, माझा कॉलेजातला कॉम्प्युटर कुठं ठेवलात?"

नवनाथचा चेहरा पडला. बेंचहूनही म्हातारा तो डबा त्यानं पोत्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीखाली सरकवला होता, कोठीला ओल लागू नये म्हणून. स्वप्नाली बिचारी त्या पोत्याला लाकडी ठोकळा समजत होती.

दोघं मोटरसायकलवरून घरी आले. कोठी हलली, डबा निघाला, फुंकर मारताच खोलीभर धूळ उडाली. बटण दाबलं तर खोकला काढून चालूही झाला. स्वप्नालीनं एक ओळ लिहिली आणि पडद्यावर ओळींची रांग धावू लागली. माफी मागायला आलेला नवनाथ जमिनीवरच बसला. इथं एक तुकडा तयार होत होता, तिथं दुसऱ्याला जोडला जात होता. ठिणगी नाही, तेल नाही, नुसता पंखा धापा टाकतोय. आणि जे घडत होतं ते या डब्यानं कधी न पाहिलेल्या बेंचच्या मापाचं होतं.

"हे कोण करतंय गं?" त्यानं देवळात विचारावं तसं विचारलं.

"हाच. कसं करायचं तेवढं मी सांगितलंय."

नवनाथनं लगेच मांडी घालून पाय आवरून घेतले. डब्याला पाय लागायला नको.

ऊन कलायच्या आत नवी दुभाषी पेनड्राइव्हवर घेऊन दोघं परत बेंचवर. पंप सुरू झाला आणि पायथनच्या खिडकीत दाबाचा आकडा उमटला, पंपाबरोबर वरखाली होऊ लागला. उद्धवराव वाकून बघतच राहिले.

"बोलली की वो," ते म्हणाले, आणि उद्याच्या शिफ्टला हीच लावायची असं सांगून चहा मागवायला गेले.

गव्हाची कोठी आता जमिनीवरच आहे. ओल लागली तर लागो, असं नवनाथ म्हणतो. डब्यासाठी मात्र त्यानं कंपनीतून अँगल आणून स्टँड वेल्ड केलाय, लोखंडाचा.