सोळा घटकांचा तक्ता

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मी गप्प बसलो की तिला वाटतं, गणित चाललं असेल. नेहमी तसं नसतं.

मी पांढुर्ण्याचा. घरी संत्र्याचा बगीचा, पण मी नागपूरला गणित शिकवायचो. माझा विषय सांत गट. एखादा चौरस फिरवला, उलटला, तरी तो होता तसाच दिसतो ना? अशा सगळ्या हालचाली मिळून एक गट होतो. त्यात घटक मोजकेच. कोणत्या हालचालीनंतर कोणती केली की काय मिळतं, याचा तक्ता मांडता येतो. बस, एवढं समजलं तरी पुढचं समजेल.

ऐंशीच्या दशकात माझा एक निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. ज्यांच्या घटकांची संख्या म्हणजे एकाच मूळ संख्येचा घात, अशा गटांविषयीचं एक प्रमेय त्यात होतं. आमच्या भागातून कोणाचा आला होता असा? सावरगावपासून रामाकोन्यापर्यंत लोक मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायला लागले. आणि — खरं सांगू? — मला ते फार आवडायचं.

वनिता ही माझ्याकडे संशोधनाला आलेली पहिली विद्यार्थिनी. सौंसरची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांच्या बौद्ध मोहल्ल्यात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच. मी तिला माझाच निबंध दिला. म्हटलं, हा पुढं न्या.

दिवाळीच्या सुट्टीत ती पांढुर्ण्याला घरी आली, वडिलांसोबत. वहीची पानं खळीनं जोडून तिनं एक मोठा कागद केला होता. तो तिनं ओसरीत जमिनीवर पसरला. आडवे सोळा, उभे सोळा रकाने, सगळे हातानं भरलेले.

“सर, तुमी इथं दोननं भागलं. पण मूळ संख्या दोनच असन तं भागता येत नाही ना? मी सोळा घटकांचा गट घेऊन पाह्यला. तुमचं प्रमेय त्याच्यात बसून नाही राहिलं.”

मी खाली वाकलो. तिसऱ्या ओळीपर्यंतच गेलो असेन — आणि कळलं. तिचं बरोबर होतं. इतकं साधं, इतकं उघड. मला कसं दिसलं नाही? परीक्षकांना कसं दिसलं नाही?

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. मलाही होतं.

“तुमच्या तक्त्यात चूक आहे,” मी म्हटलं.

“कुठं, सर?”

“शोधा. संशोधन म्हणजे तेच असतं.”

तिचे वडील पायरीवर बसले होते. आत खुर्च्या होत्या — मी त्यांना ‘वर या’ म्हटलं होतं का? त्यांनी हात जोडून विचारलं, “साहेब, पोरीले जमन ना हे?”

“सगळ्यांनाच जमतं असं नाही,” मी म्हणालो.

हे वाक्य त्या माणसानं जन्मभर कोणाकोणाच्या तोंडून ऐकलं असेल, ते मला कळत नव्हतं असं सांगू? कळत होतं. म्हणून तर ते लागणार, हेही कळत होतं. तिनं कागदाची घडी घातली. दोघं सौंसरच्या बसला गेले.

मग तिची पोस्टकार्डं यायला लागली. ‘सर, तिसऱ्यांदा तपासला. चूक सापडून नाही राहिली.’ पुढच्या महिन्यात — ‘रकाना रकाना पुन्हा मांडला. माझं कुठं चुकून राहिलं, एवढं सांगा.’ जी चूक नव्हतीच, तीच ती शोधत होती. मी उत्तर दिलं नाही. एकाही कार्डाला नाही. उन्हाळ्यात कार्डं थांबली. तिनं नाव काढून घेतलं, असं कार्यालयातून कळलं. मला काय वाटलं? हायसं वाटलं.

वर्षभरानं मी त्याच नियतकालिकात छोटी दुरुस्ती छापली. दोन ही मूळ संख्या वगळावी, असं माझ्या लक्षात आलं आहे — माझ्या! उदाहरण म्हणून सोळा घटकांचा तोच गट दिला. तिचं नाव दिलं नाही. त्या प्रामाणिकपणाबद्दल दोघा प्राध्यापकांनी पत्रं लिहून माझं कौतुक केलं. ती पत्रं मी फाइलला लावली.

दशक सरताना बगीच्याच्या जमीन-नोंदीच्या नकलेसाठी सौंसरच्या एका कचेरीत गेलो, तर खिडकीमागे ती. मला बघून उठून उभी राहिली. माझे कागद तिनं स्वतः आत नेऊन सही करून आणले. मग हळूच विचारलं,

“सर, ती चूक कुठं होती?”

मागे कोणी नव्हतं. घाई नव्हती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“आता आठवत नाही,” मी म्हटलं.

“असन माझंच काही तरी,” ती म्हणाली. मग शिपायाला हाक मारून तिनं माझ्यासाठी चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं — “हे माझे सर. लय मोठे गणिती हायेत.”

मी बसलो. चहा पूर्ण प्यायलो.