ताई हो कधी म्हणाली?

आमची ताई सिनेमाच्या तिकीटखिडकीवर बसायची. काचेला हात जाईल एवढं भोक; त्यातून पैसे आत, तिकीट बाहेर. खेळ सुरू झाला की ही भिंतीला कान लावून संवाद ऐकायची. सिनेमे पाहिलेले थोडे, पाठ मात्र सगळे.

त्या खिडकीशी एक व्हॅनवाला रोज यायचा. तिकीट काढायचा, पण आत जायचाच नाही. समोरच्या कठड्यावर बसून ताईकडे बघत राहायचा आणि ती सुटली की घरापर्यंत मागे मागे. तेच आमचे भाऊजी. ही गोष्ट ताईनं आम्हाला इतक्यांदा सांगितलीय की विचारू नका. सांगणारी तीच आणि शेवटी लाजणारीही तीच.

परवा दुपारी टीव्हीवर तिचा लाडका सिनेमा लागला. नायक नायिकेच्या मागे हात धुऊन लागलेला, ती तोंड फिरवतेय. ताई एकेक संवाद आधीच म्हणून दाखवत होती. शेजारी तिची लेक. ती कॉलेजात सिनेमाचा अभ्यास करते, त्यामुळे या पोरीबरोबर साधी जाहिरातसुद्धा सुखानं बघता येत नाही.

"आई, ती नाही म्हणतेय," लेक म्हणाली.

"अगं, ते लटकं असतं."

"तुला कसं कळलं?"

"शेवटी हो म्हणते ना!"

"तो पिच्छाच सोडत नाही, मग काय करेल बिचारी? भीती वाटत असेल तिला."

ताई हसली आणि हसता हसता थांबली. "तुझे बाबापण असेच..."

लेकीचा चेहरा उतरला. एवढं तिलाही म्हणायचं नव्हतं. झालं, घातला घोळ, असं मी मनात म्हटलं.

भाऊजी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. ताईनं बसल्या जागेवरून विचारलं, "अहो, मी तेव्हा नाही म्हटलं असतं तर?"

"असतं काय? म्हणालीच होतीस की! कितीदा तरी!" भाऊजी एकदम खुशीत आले. "एकदा तर खिडकी लावून घेतलीस तोंडावर. पण मी कुठला ऐकतोय!"

ताईच्या गोष्टीत ही बंद खिडकी कधीच नव्हती.

भाऊजी माणूस चांगले आहेत हो. ताई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिची वेणीसुद्धा तेच घालायचे. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्या खिडकीचं काय करायचं तेही कळत नाही.

ताईनं टीव्हीचा आवाज बंद केला. "मग मी हो कधी म्हटलं?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि माझ्याकडे वळली. "शाळा सुटली की तू यायचीस ना मला न्यायला? तू बघितलंयस. मला आवडायचे ना गं ते?"

मला फक्त तिचा हात आठवत होता. ते मागून चालत असले की ती माझा हात इतका आवळायची की बोटं दुखायची. लाजेनं की भीतीनं, मला खरंच माहीत नाही. ताई माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.