ऑकलंडचं प्रदर्शन आणि मनुरेवातला पिझ्झा

प्रदर्शनाची लिंक मंजिरीनेच पाठवली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मीच तिला ओढत नेलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या हक्कांसाठी जो लढा दिला, त्यावरचं एक फिरतं प्रदर्शन ऑकलंडमधल्या एका म्युझियममध्ये आलं होतं. "जायलाच हवं गं, मुलांना हे कळायला हवं," असा तिचा मेसेज आणि पुढे रडक्या चेहऱ्यांची रांग. मी म्हटलं, चला. माझा नवरा राहुल मोकळा होता आणि मितालीच्या शाळेला सुट्टी लागली होती. पोरगी तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मंजिरी पुण्याची, आम्ही नागपूरचे. इथे आलो तेव्हा हॅमिल्टनमध्ये ती आमच्या शेजारच्या युनिटमध्ये राहायची. कढीपत्ता कुठे मिळतो इथपासून ते हिवाळ्यात खिडक्यांचं पाणी कसं पुसायचं इथपर्यंत सगळं तिनेच शिकवलं. पुढे त्यांनी ऑकलंडजवळ मनुरेवाला घर घेतलं, आम्ही हॅमिल्टनमध्येच रोटोटुनाला. तेव्हापासून आमच्यात एक रीतच पडून गेली. ज्याच्या घरी मुक्काम, त्याच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांनी रांधायचं आणि घरच्यांनी पाय पसरून बसायचं. तिच्या ओट्यावर मी किती वेळा पोळ्या लाटल्या असतील, देव जाणे. यावेळी तिची आई पुण्याहून आलेली होती आणि काकूंनी फोनवरच फर्माईश केली होती की पाटवडी रस्सा हवा, नागपुरी, झणझणीत. म्हणून शनिवारी सकाळी निघताना आमच्या चिली बिनमध्ये, म्हणजे बर्फाच्या डब्यात, कोथिंबीर, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि माझ्या आईने पाठवलेला काळा मसाला होता. बेसनाची पिशवी वेगळी.

जाणाऱ्यांसाठी सांगते. हॅमिल्टनहून ऑकलंडला एक्सप्रेसवे आता मस्त झालाय, टोल नाही, वाटेत गायी आणि हिरव्या टेकड्या. पण सकाळी लवकर निघा, ड्रुरीच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. पोकेनोला आइस्क्रीम खायचंच. एक स्कूप मागितला तर दोन मिळतात, तोंडापेक्षा कोन मोठा. काउंटरवरच्या मुलीला मितालीने "हीप्स ऑफ चॉकलेट" सांगितलं, ती म्हणाली "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत एकदम मस्त, आणि खरंच ढीगभर घातलं. पुढे बॉम्बे नावाचं गाव लागतं. राहुल दरवेळी तिथे "चला, मुंबई आली" म्हणतो आणि आम्ही दरवेळी हसत नाही.

मनुरेवाला काकूंनी गरमागरम साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवली. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या येणार नव्हत्या. मी सामान फ्रिजमध्ये लावत होते तर मागे येऊन म्हणाल्या, "रस्सा पातळच कर हं. आणि तिखटात हात आखडू नकोस, मी खाते." मी म्हटलं, "काकू, डोळ्यांतून पाणी नाही आलं तर नाव बदलीन."

शहरात पार्किंगला अक्षरशः लुटतात. जरा लांब गाडी लावा आणि चाला. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, आणि दोन तास तरी हातात ठेवा. खरं तर तेही कमी पडतात.

आत शिरल्या शिरल्या पाण्याच्या दोन नळांचा भिंतभर फोटो. एक गोऱ्यांचा, स्वच्छ, थंड पाण्याचा. शेजारी काळ्यांचा, बेसिन फुटकं. मिताली फोटोसमोर उभीच राहिली. पुढे बसची सीट, पुढे खाणावळीचा लांब काउंटर आणि त्यासमोर फिरती स्टुलं. काळी पोरं त्या स्टुलांवर येऊन बसायची, खायला मागायची, कुणी द्यायचं नाही, उलट डोक्यावर साखर आणि केचप ओतायचे, आणि ती पोरं हलायची नाहीत. मंजिरी त्या स्टुलावर बसली, मला फोटो काढायला लावला. फोटोत तिचे डोळे खरंच भरलेले आहेत. खोटं कशाला बोलू?

मला रडू आलं ते एका साध्या कागदापाशी. चपलांच्या दुकानात काळ्या पोरांना चपला पायात घालून बघायची परवानगी नसायची. मग आई घरीच लेकराचं पाऊल कागदावर ठेवायची, पेन्सिलीने कड काढायची आणि तो कागद दुकानात न्यायची. मी तिथे उभी राहून नाक पुसत होते. मंजिरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "माणसं माणसांशी इतकं वाईट कशी वागू शकतात गं?" मी तिचा हात धरला. आत्ता लिहिताना अंगाचा तिळपापड होतोय, पण तेव्हा धरला होता.

शेवटी एक माओरी गाइड बाई होत्या. उंच, पांढरे केस, आवाज असा की कुजबुजल्या तरी ऐकू यावं. "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणत त्यांनी आमच्या गटाला गोल बसवलं आणि म्हणाल्या, इथून गप्प बाहेर जायचं नाही. प्रत्येकाने आपला डोंगर सांगा, आपली नदी सांगा, आणि आपल्या आजोबा-आजीबद्दल एक गोष्ट सांगा. याला इथे पेपेहा म्हणतात, शाळेत पोरं लहानपणापासून शिकतात. मंजिरीने सिंहगड सांगितला, मुठा सांगितली, आजोबा गणिताचे मास्तर होते हे सांगितलं. बाई मान डोलवत होत्या.

मग मिताली. इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते. "माझा डोंगर रामटेक. माझी नदी कन्हान. माझे आबा शाळेत वर्गाच्या बाहेर दारात बसायचे. त्यांना पाण्याच्या माठाला हात लावू द्यायचे नाहीत. कुणी वरून ओतलं तरच ओंजळीने प्यायचे. कुणी नाही ओतलं तर घरी जाईपर्यंत तहानलेले. पुढे ते इंजिनियर झाले, आणि त्यांनी कालवे बांधले."

आबा म्हणजे माझे सासरे. नागपूरला असतात, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीशी गप्पा मारतात. हे तिला त्यांनीच सांगितलेलं. गाइड बाई उठल्या, मितालीपाशी गेल्या आणि माओरी रीतीने तिच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. पोरगी लाजून लाल झाली. राहुलच्या डोळ्यांत पाणी. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू! मी वळून मंजिरीकडे पाहिलं, तर ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

आता इथे थोडं मागचं सांगते. पहिल्या भेटीत मंजिरीने विचारलं होतं, "बोरकर म्हणजे गोव्याकडचे ना?" मी म्हटलं, "नाही, नागपूरचे." ती म्हणाली, "हो, म्हणजे नागपूरला सेटल झालेले." प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती इथे सगळ्यांच्याच घरी असते, फर्निचरच्या दुकानातून आणलेली. बाबासाहेबांचा फोटो अभ्यासाच्या खोलीत आहे, तिथे ती कधी डोकावली नाही. मी काही लपवलं नाही बाप्पा. मी काय कपाळावर लिहून फिरू?

परत निघालो. मोटरवेला लागल्यावर मंजिरी म्हणाली, "अगं, तू कधी बोलली नाहीस."

"काय?"

"हेच. म्हणजे... तुमच्याकडे बघून अजिबात वाटत नाही हं."

बघून काय वाटायला हवं होतं? मी विचारणार होते, पण मागच्या सीटवर माझ्या शेजारी मिताली होती. तेवढ्यात मंजिरीच पुढे म्हणाली, "ऐक ना, आज बाहेरूनच मागवू या. पिझ्झा. तू दमली असशील."

"मी दमले नाही."

"नाही गं, कशाला ओट्याशी उभी राहतेस. आणि आईचं जरा... ती जुन्या वळणाची आहे ना. मला काहीच नाही, तुला माहितीये. पण उगाच तिला कळलं तर तिचं मन..."

पायाच्या कागदापाशी माझ्या खांद्यावर ठेवलेला हात याच बाईचा. मधे एक तास तरी गेला होता का?

राहुलने आरशात माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जाऊ दे, असं. राहुलचं हे "जाऊ दे" मला तोंडपाठ आहे, आणि त्या क्षणी मला त्याचाही तितकाच राग आला.

घरी पोचलो. मंजिरीने दारातच पिझ्झा मागवला, तो लगेच आलाही. टेबलावर खोके उघडले. काकूंनी चष्मा वर करून पाहिलं आणि चेहरा पाडला. "हे काय? मी दुपारपासून भूक राखून बसलेय. हे चीज मला पचत नाही, तुला ठाऊक आहे ना मंजू?"

"आई, ती दमलीये."

एका बाजूला आई, एका बाजूला लेक, आणि माझं वाटण फ्रिजमध्ये. मितालीने हातातला तुकडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. आई आता काय करते, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. बस्स, तिथे माझा तोल गेला. गेला ते बरंच झालं.

"काकू, मी दमलेली नाही. आम्ही बौद्ध आहोत. मंजिरीला आज कळलं, म्हणून हा पिझ्झा आलाय. ती म्हणते, तुम्हाला चालणार नाही."

काकूंनी चष्मा खाली केला. मग त्या म्हणाल्या, "अगं बाई! आम्ही नाही हो पाळत तसलं काही." आणि लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "मी कुठे पाळते? मी तुझ्यासाठी म्हटलं." काकू म्हणाल्या, "मला कुणी विचारलं?" दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. कुणीच पाळत नाही, तरी पिझ्झा आला! आणि दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही की चल, ऊठ, चढव कढई. मी थांबले होते, खरं सांगते. काकू नुसत्या म्हणाल्या असत्या तरी मी वड्या थापायला बसले असते, इतकी मी मूर्ख आहे. पण काकू चीज बाजूला काढत बसल्या.

मी फ्रिज उघडला, माझं सामान काढलं. मंजिरी मागे मागे. "अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तू फारच सेन्सिटिव्ह झालीयेस त्या म्युझियममुळे."

"त्या काउंटरसमोर डोळे पुसत तू बसली होतीस मंजिरी, मी नाही," एवढं बोलून मी बाहेर पडले. मुक्काम रद्द. बाहेर अजून लख्ख उजेड होता, शेजारी लॉन कापत होता, त्याने हात हलवून "हॅव अ गुड वन" म्हटलं. राहुलने गाडी काढली.

ड्रुरी गेलं, पोकेनो गेलं, कुणी आइस्क्रीमचं नाव काढलं नाही. मग मागून आवाज आला, "मॉम, वॉज आय नॉट सपोज्ड टू से दॅट?"

सगळ्या दिवसात मला सर्वांत जास्त लागलं असेल तर हे. माणसांनी भरलेल्या गोलात ताठ बसून आजोबांची तहान सांगणारी माझी पोरगी, आणि तिला वाटतंय की तिचं काही चुकलं. राहुलने गाडी एक्सप्रेसवेवरून खाली उतरवून बाजूला घेतली आणि मागे वळला. "जाऊ दे" म्हणणारा माणूस तिला म्हणाला, "तू बोललीस ते बरोबर बोललीस. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा माझ्याच्याने झालं नसतं." मी त्याच्यावरचा राग तिथेच सोडला.

रोटोटुनाला पोचून मी पाटवडी केली. इतकी तिखट की तिघांची नाकं वाहत होती.

तर प्रदर्शन बघावं का? जरूर बघा, पोरांना न्या. पण आपल्या लोकांना माझं एक सांगणं आहे. दूरच्या माणसासाठी रडायला काही लागत नाही, कारण तो तुमच्या घरी जेवायला येत नाही. त्या गाइड बाईंनी आमचे पूर्वज विचारले ते आम्हाला जवळ घ्यायला. आपल्याकडे आडनाव विचारतात ते कुठे बसवायचं हे ठरवायला. हा फरक मला त्या एका दिवसात दोन्ही बाजूंनी कळला.

मंजिरीचा फोन आला होता. माफी नाही, चौकशी होती, "तू हे ब्लॉगवर नाही ना लिहिणार?" मी म्हटलं, नाव बदलीन. नाव बदललं आहे.

शाळा सुरू झाल्यावर मितालीच्या वर्गात भाषणाची स्पर्धा आहे. विषय ज्याचा त्याने निवडायचा. पोरीने आबांची शाळा निवडलीय. रोज संध्याकाळी हॉलमध्ये उभी राहून म्हणून दाखवते, नागपूरला फोन लावून आबांकडून बारीकसारीक विचारून घेते. काल भाषण ऐकायला बोलवायच्या लोकांची नावं सांगत होती. मधेच थांबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, मंजिरी मावशीला बोलवू?"

मी म्हटलं, "बोलव. पहिल्या रांगेत बसव."