पाठीतली सुई आणि डोक्यावरचा पदर

सोनोग्राफीच्या मॅडमनी पोट पुसायला कापूस दिला आणि म्हणाल्या, "बाळ पायाळू आहे." म्हणजे डोकं वर आणि पाय खाली.

माझी थोरली मुलगीही सिझेरियननेच झाली होती. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघून सांगितलं, "याही वेळी सिझेरियनच करू. कळांची वाट बघत घरी थांबू नका. जुन्या टाक्यांवर ताण आला तर गर्भपिशवी फाटू शकते. तुम्हाला धोका आणि बाळालाही."

मी मान हलवली. पण मनात ठरवून टाकलं होतं, ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात यायचंच नाही.

पोट कापण्याची मला भीती नव्हती. ते कळत नाही. भीती होती त्याआधी पाठीत देतात त्या सुईची. तिला स्पायनल म्हणतात. मणक्यांच्या मधल्या फटीतून औषध सोडतात, मग कमरेखालचं सगळं बधिर होतं आणि आपण जागेच राहतो.

थोरलीच्या वेळी सगळं घाईत झालं. मला टेबलावर बसवलं आणि मागून गाऊन उघडला. मागे पुरुषांचे आवाज येत होते. सासऱ्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही, आणि तिथे अख्खी पाठ उघडी. "वाका, वाका," ते म्हणत होते. मला वाकता येईना. जेवढं अंग चोरलं तेवढी पाठ ताठ होत गेली. सुई शिरेना. काढायचे आणि पुन्हा टोचायचे. मी ओठ चावून बसले.

नंतर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वॉर्डात सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, "आमच्या सुनंनं हूं केलं नाय. लय सोशिक हाय." तेव्हा मलाही बरं वाटलं. पण त्यानंतर ताप आला तरी मी इंजेक्शन नको म्हणून गोळ्याच मागायचे.

रिपोर्ट दाखवला त्या दिवशी हे सगळं आठवून मॅडमसमोर डोळे भरून आले. "कापायची भीती वाटते?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग?" मी हात मागे नेऊन कमरेवर ठेवला.

त्यांना कळलं. त्यांनी मला तिथल्याच भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. भूल देणारे डॉक्टर वेगळे असतात आणि त्यांच्याशी आधी बोलता येतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ते वयस्कर होते. खालच्या आवाजात बोलायचे. "ताई, काम काय करता?"

"कांदे निवडते. सिन्नरकडं, कांदाचाळीवर."

"मग कशा बसता ते दाखवा बरं."

मी लाजत खुर्चीतच दाखवलं. मान खाली, खांदे सैल, पाठ गोल.

"झालं की! एवढंच हवंय मला. पाठ अशी गोल झाली की मणक्यांमधली फट उघडते. ताठ बसलात की ती मिटते, आणि मग सुई हाडाला लागते." पुढे म्हणाले, "आधी मी बारीक सुईने कातडीत लोकल देईन. लोकल म्हणजे तेवढीच जागा बधिर करायचं औषध. ते जरा चुणचुणेल. मग थोडं थांबू आणि त्यानंतर मोठी सुई. हात लावायच्या आधी दर वेळी सांगेन. पण तुम्हीही एक करायचं. दुखलं तर हलायचं नाही, तोंडाने सांगायचं. कुठल्या बाजूला तेही सांगायचं. मला आतलं दिसत नाही. गप्प बसलात तर मला कळणार कसं?"

निघताना त्यांनी विचारलं, "अजून काही हवंय?"

मी दारापर्यंत गेले होते. तिथूनच म्हणाले, "डोक्यावर पदर."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

ठरलेल्या दिवशी मी गेले. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सने टोपीवरून हिरवं कापड माझ्या डोक्यावर घातलं आणि दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडलं. मागे कमरेजवळ सुईपुरती जागा उघडी. पोटाशी उशी दिली. ती समोर उभी राहून म्हणाली, "कांद्याचा ढीग आहे असं समज. निवड आता." मला हसू आलं आणि खांदे आपोआप खाली आले.

"गार लागेल," मागून आवाज आला. गार औषधाने पाठ पुसली. "आता बारीक सुई." मुंगळा चावल्यासारखं झालं, मग जळजळलं, मग तिथलं कळेनासं झालं. ते थांबले. "आता दाब वाटेल."

दाब वाटला. आणि एकदम डाव्या पायात करंट गेला. जबडा आपोआप घट्ट मिटला. आमच्यातल्या बायका अशा वेळी तोंड मिटतातच. पण पोटात बाळाने पाय मारला, आणि मी मोठ्याने म्हणाले, "डावीकडं! डाव्या पायात गेलं!"

"शाब्बास. अजिबात हलू नका." त्यांनी सुई किंचित मागे घेतली आणि दिशा बदलली. "आता?"

"आता नाही."

"बसली." पाठोपाठ पाय ऊन झाले, जड झाले. पुढे पोटात ओढाताण कळत होती, दुखत मात्र नव्हतं. थोड्या वेळाने बाळ रडलं. मुलगी झाली होती. पाय आधी बाहेर आले म्हणे.

बायांनो, सुई दुखतच नाही असं मी सांगणार नाही. कुणाची पाठ कशी, कुणाची कशी. पण भुलेच्या डॉक्टरांना आधी भेटा. बारीक सुई आधी द्याल का, ते विचारा. लाज वाटत असेल तर तेही सांगा, त्यावरही उपाय निघतो. त्या डॉक्टरांचे आणि नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते म्हणतात. परवा हंडा उचलताना आत्यांच्या पाठीत चमक भरली. पालथ्या पडून मला म्हणाल्या, "आण गं माझ्या नातीला." मी धाकटीला दोन्ही काखांना धरून तिचे पाय त्यांच्या पाठीवर टेकवले. तिने नुसता पाय ठेवला नाही, चांगली लाथ मारली.

"आई गं! मेले, मेले!" आत्या ओरडल्या. मग तोंड उशीत खुपसून गप्प झाल्या.

"गप्प नाही राहायचं, आत्या," मी म्हटलं. "कुठल्या बाजूला दुखतं ते सांगा."

"उजवीकडं," आत्या उशीतूनच म्हणाल्या. "जरा वर."