पहिल्या नंबरचं कॉलेज

सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल एवढे मार्क असताना मी पसंतीच्या यादीत सगळ्यात वर एक महागडं खाजगी कॉलेज टाकलं.

कामठ्याला आमची धानाची शेती. घरात बारावीपुढे जाणारा मीच पहिला, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. मग बाबा बैलबाजारात करतात तेच मी केलं. ते आधी नको असलेल्या महागड्या जोडीचा भाव करतात, तोंड वाकडं करतात आणि मग हव्या त्या जोडीकडे वळतात. मला वाटलं, वरचं कॉलेज आपल्याला थोडंच देणार, मग सरकारीवर उतरू.

फॉर्म भरताना गोंदियातल्या सायबर कॅफेवाल्यानं विचारलंही, "भैया, पहले नंबर पे यही?" मी ऐटीत म्हणालो, "मालूम है मुझे."

कॉम्प्युटर भाव करत नाही. त्यानं पहिलंच कॉलेज दिलं, आणि पहिली पसंती मिळाली की त्या मुलाला प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या बंद. तिथली फी शेत विकूनही भरता आली नसती. माझ्याहून कमी मार्कांची वर्गमैत्रीण सरकारीत गेली. तिचा फॉर्म तिच्या डॉक्टर मामानं भरला होता. माझं वर्ष गेलं. मुलाचं वर्ष खाणारा नियम इंग्रजीत, बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर कशाला टाकायचा? ज्यांना असा मामा नाही, त्यांनी डॉक्टर व्हायचंच नाही का?

हे सगळं मी घरी ओरडून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी भाव कराच्या आधी बैलाचे दात पाहतो," ते म्हणाले. "तू कागद बी नाही पाहला, अन लोकायची नाडी पाहाले जाऊन राहिला."