हातभर पट्टीचा कटर

आमच्या कटरला मालकांनी आंघोळ घातली आणि तो मेला.

कटर म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची मशीन. पुढं लांब पट्टी, पट्टीभोवती दातेरी चेन. तो काही रोजच्या कामाचा नव्हे. गॅस आमच्या वस्तीवरही आलाय, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवर. शिवाय मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, शेतात सगळा गोतावळा जेवायला येतो. त्यांची भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांचं कालवण, गॅसच्या शेगडीवर शिजवायची म्हटलं तर दुसरी अमावस्या उजाडंल. मग वाऱ्यानं मोडलेली बांधावरची बाभूळ, लिंबाची एखादी फांदी, असं अधूनमधून कापून ठेवायचं.

दर खंडेनवमीला आमच्याकडं झाडून सारी अवजारं धुऊन पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, कुळवाची फास. एरवी कटरला नुसतं फडकं मारून कुंकू लावायचो. यंदा मालकांच्या मनात आलं, वर्षभर तेलानं माखतंय बिचारं, ह्यालाच का कोरडं ठेवायचं? मालक म्हणजे माझे यजमान. नाव मी उखाण्यापुरतंच घेतलेलं आहे. त्यांनी कटर मोटारीच्या पाइपाखाली धरला, धुण्याची पावडर टाकली, बैलाच्या अंगावर फिरवायचा ब्रश घेतला आणि फटीफटीतून पाणी वाहीपर्यंत घासला. मग त्याच फटींत हळदकुंकू. कटर असा लखलखला, की मीसुद्धा वाकून नमस्कार केला. दसऱ्यानंतर दोरी ओढली तर नळीतून फेस आला. परत ओढली, गुलाबी पाणी आलं.

तुळजापूरच्या मिस्त्रीनं उघडून बघितलं. म्हणाला, "आजी, आतून पार धरलाय. आंघोळ घातलीच हाय, आता खांदा द्या."

मालक हळहळले. मीही तोंडदेखलं हळहळले, पण आतून सुटल्यासारखं झालं होतं. कारण मालकांचा उजवा हात. मागच्या साली त्यांना झटका आला, हलका. हात परत आला, पण सगळा आला नाही. बोलता बोलता बोटं आपोआप उघडतात. चहाचा कप खाली पडतो आणि फुटल्याचा आवाज झाला की मग त्यांना कळतं, आपल्या हातात कप होता. कप दुसरा आणता येतो. तो कटर चालू असताना हातातून सुटला असता, तर खाली पाय होता.

"हात बरा हाय माझा," हे त्यांचं उत्तर. पुण्याला नोकरीवर असलेला लेक फोनवर म्हणाला, "माणूस लावा, बाबा." पण दोन फांद्यांसाठी कोण येतंय? आणि माणूस मिळाला तरी मालकांनी काय करावं? झटक्यानंतरचे पहिले महिने ते ओट्यावर बसून नुसते हाताकडं बघायचे. ते मला पुन्हा बघवणार नाही. मला स्वतःला एका जागी बसता येत नाही. बसून राहिलेला माणूस दिसला की माझ्या पायाला मुंग्या येतात.

माझं हायसं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मालकांनी कुऱ्हाड काढली.

कुऱ्हाड तर आणखी वाईट. कटर निदान खाली पडतो, कुऱ्हाड उडून जाते. मालक पाणी पाजायला गेलेले बघून मी ती उचलली आणि शेजारच्या वस्तीवर नेऊन दिली, "तुम्हाला लागत असंल" म्हणून. त्यांना काही लागत नव्हती. संध्याकाळी शेजारणीचा नवरा ती खांद्यावर टाकून हजर. "वहिनी, चांगली धार लावून आणली बघा." मालक माझ्याकडं बघून गालात हसले. मी पदरानं नाक पुसलं आणि दुसरीकडं गेले.

तेव्हापासून माझं घरात लक्ष लागेना. भाकरी थापताना कान बाहेर. ठक आवाज आला की उठायचं, दारात जायचं, परत येऊन बसायचं. भाकरी करपायच्या. लेक पुण्याला असला तरी सून इथं आमच्यापाशीच. ती म्हणायची, "आत्या, तुमी एक तर बाहेर बसा न्हायतर आत बसा." मला उंबऱ्यावरही बसवत नव्हतं.

लाकडाच्या बाबतीत माझं ज्ञान काय लायकीचं, तेही सांगते. मी मुरुमच्या पेठेतली पोर. आमच्या घरी जळण वखारीतून फोडून, मोळी बांधून यायचं. झाडापासून चुलीपर्यंतचं मधलं काम माझ्या गावीही नव्हतं. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय काय येतं? ही पोर ठसक्यात म्हणाली, सगळं येतं. मग दोन मुठींची आरी हिच्या हातात आली. एका बाजूला मालक, एका बाजूला ही. त्या आरीचं काम एवढंच: एकानं ओढायचं तेव्हा दुसऱ्यानं ढिलं सोडायचं. पण ही कसली सोडते! मालकांनी ओढली की ही मागून ढकलायची, मदत म्हणून. पातं वाकायचं, ठणकन उडायचं, आणि ही पदर खोचून नवऱ्यालाच म्हणायची, "जोर कमी पडतो तुमचा." आज ती भेटली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग पोट धरून हसत बसेन.

पुढं पहिला कटर घ्यायची वेळ आली, तोवर तिला अक्कल आली असेल म्हणता? शेजारच्या वस्तीवर कटर आलेला. दुकानदारानं विचारलं, "बाई, लाकूड किती कापायचं असतंय?" ही म्हणाली, "शेजाऱ्यापेक्षा जास्त." आणि शेजाऱ्यापेक्षा वीतभर लांब पट्टीचा राक्षस घेऊन आली. घरी आल्यावर तो तिला उचलेना. कापायची काय, तर हाताच्या मनगटाएवढी बाभळीची फांदी! मालकांनी मात्र तो त्या आंघोळीपर्यंत निमूट उचलला.

तर कुऱ्हाडीपेक्षा कटर परवडला म्हणून आता नवा घ्यायचा होता, आणि येळवस तोंडावर. मी, मालक आणि सून, तिघं एस्टीनं तुळजापूरला गेलो. दुकानात स्टूल दिलं होतं. मी बसले, उठले, कटरांच्या रांगेतून हिंडले, परत बसले. दुकानदार पोरसवदा, बोलायला गोड.

मालकांनी सरळ सगळ्यात मोठा दाखवला. "ह्यो काढा."

"काका, हा ठेकेदार लोक नेतात. तुमचं काम किती?"

"काम किती ते आमचं आमी बघू. काढा."

दुकानदारानं पेट्रोल घालून तो खाली मांडला. मालकांनी पाय रोवला, दोरी धरली, ओढली. घरघर झाली, इंजिन लागलं नाही. परत ओढली. तिसऱ्या वेळी मूठ बोटांतून निसटली आणि दोरी सटकन आत गेली. हात तसाच वर, रिकामा.

सून चपलेकडं बघायला लागली. दुकानदार वर पंख्याकडं.

"दोरी तेलकट हाय तुमची," मालक म्हणाले.

दोरी नवीकोरी होती. आता इथून रिकामं गेलो तर हा माणूस ओट्यावर जाऊन बसणार, आणि हा राक्षस घेऊन गेलो तर एक दिवस बोटं दोरीवरून नाही, चालत्या मशीनवरून निसटणार. दोन्हींपैकी एक आत्ता, ह्या पंख्याखाली ठरणार होतं.

मी उठलेच. "अवो, ते र्‍हाऊ द्या. मला माझ्या हाताचा एक बघायचाय."

"तुला?"

"व्हय, मला. म्या कापणार हाय जळण."

सुनेनं चमकून वर बघितलं. मालक तर हसायलाच लागले. "तू? आरी ढकलणारी तू?"

"आता कटर ढकलंन."

दुकानदाराला गिऱ्हाईक परत जात नाही एवढं बघून बरं वाटलं. त्यानं एक चिमुकला काढला, एका हातानं चालवायचा, पट्टी वीतभर. मला तो इतका गोजिरवाणा वाटला, की तिथल्या तिथं पिशवीत टाकावा. पण एका हातात कटर म्हटलं की दुसरा हात फांदी धरायला मोकळा, आणि मालकांचा दुसरा हात म्हणजे कुठला ते मला ठाऊक. चांगल्या हातात कटर धरतील, तर वाईट हात चेनीपुढं. "भेंड्या चिरायला बरा हाय," म्हणून मी तो परत दिला.

लाइटीवरचा दाखवला. सून म्हणाली, "आत्या, वायर बांधापत्तर कुठून आणायची? आन् लाइट कवा असती?"

मग बॅटरीवरचा आला. पट्टी हातभर. ओढायला दोरी नाही. एक हात पुढच्या दांडीवर, दुसऱ्याच्या अंगठ्यानं एक बटण दाबायचं आणि बोटांनी खालचा खटका. दोन्ही दाबलं तर चेन फिरणार. दुकानदारानं एका ओंडक्याची चकती कापून दाखवली.

"आन् बोट सुटलं तर?" मी विचारलं.

त्यानं खटका सोडला. चेन जागच्या जागी उभी.

"परत दाखवा."

त्यानं परत दाखवलं.

"आजून एकदा."

"आजी, बॅटरी संपंल की!"

"संपू द्या. सोडा बोट."

मी स्टुलावरून पुढं वाकून ती चेन बघत होते. फिरायची, थांबायची. फिरायची, थांबायची. कितीतरी दिवसांनी मला एका जागी बसवत होतं.

"खेळणं हाय ते," मालक म्हणाले. "बाभळीत दात पडतील त्याचे."

"माझे पडलेत. म्या भाकरी खायची बंद केली का?"

दुकानदार खुसूखुसू हसला, सूनही. मालकांनी तो हातात घेऊन वजन बघितलं, खालीवर केलं, तोंड वाकडं केलं. पण खाली ठेवला नाही. "घे बाई तुझ्यासाठी," म्हणाले. "चार दिवस मिरव."

घरी आणल्यावर नारळ फोडला, कुंकू लावलं, एक बोट, वरवर, आणि पाण्याचा तांब्या मी लांब ठेवला. पहिली फांदी मी कापली. निम्मीच. तेवढ्यात मालक आलेच, "असं न्हाय, असं धरायचं असतंय." त्यानंतर तो कटर माझा नावापुरता राहिला. हे होणार हे मला दुकानातच माहीत होतं.

बॅटरी मात्र माझ्याकडं असते. मिक्सरशेजारच्या बोर्डाला ती लावते आणि भरली की माझ्या फडताळात ठेवते. मालक तिला वीट म्हणतात. "अगं, वीट दे." मी सून घरात आहे का बघते आणि मग देते. ती शेतात गेली असेल तर वीट सापडत नाही. मालकांनाही हे कळलंय. ते सून आल्यावरच मागतात.

तरी माझ्या जिवाला उसंत नाही. जुन्या कटरचा आवाज चालू असेपर्यंत जीव टांगणीला असायचा. ह्याचं उलटं. हा चालू आहे तोवर मी पीठ मळते, निवडते, टिपते. आवाज थांबला की माझे हात थांबतात. फांदी तुटली म्हणून थांबला, का बोटं उघडली म्हणून? उठून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बहुतेक वेळा फांदीच तुटलेली असते.

येळवशीच्या आधी सलग कापणं चाललं होतं. आवाज थांबला. परत सुरू झाला, लगेच थांबला. परत सुरू, परत थांबला. मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. सून लिंबाखाली मोळ्या बांधत होती, ती पण हात थांबवून बघत होती. मालक ओंडक्यावर बसले होते, उजव्या हाताची बोटं उघडत, मिटत. कटर पायाशी, चेन उभी.

"काय बघायलीस?"

"जळण पुरंल का बघती."

त्यांनी ढिगाकडं बघितलं. ढीग निम्माच होता. मग कटरकडं बघितलं.

"वीट उतरली वाटतंय," म्हणाले.

बॅटरीवर हिरवे दिवे असतात, जसजशी उतरेल तसतसे विझतात. सगळे लागलेले होते. मला दिसले, सुनेला दिसले, त्यांना तर मांडीजवळच होते.

"उतरली असंल," मी म्हणाले. "आणा, लावते. तवर र्‍हायलेलं सूनबाई दुसऱ्या विटंवर कापंल."

दुसरी वीट आमच्याकडं नाही. मालकांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि मोळ्यांच्या दोऱ्या बघायला लिंबाखाली गेले. मी आत आले, भरलेली बॅटरी बोर्डाला लावली, बटण दाबलं, लगेच काढली आणि पदराआड धरून सुनेला द्यायला परत बाहेर निघाले.