उत्तर द्यायचं न्हाई असा नियम

लॅपटॉपवर माझी आई दिसत होती आणि पुण्याची अख्खी टीम तिला हसून राहिली होती.

मी सेनगावजवळच्या आमच्या गावातून काम करते. घर बुद्धविहाराच्या गल्लीत. दारापाशी रेंज येते, म्हणून तिथंच खुर्ची टाकून बसते. त्या दिवशी मीटिंग चालू होती आणि आई माझ्यामागं सुपात तूर निवडत होती. आमचा डिझाइनचा प्रमुख निनाद म्हणाला, "आता जरा गंमत बघा." त्यानं व्हिडिओ लावला.

व्हिडिओत आमचीच ओसरी, टीम गावात आली होती तेव्हाची. आई मांडी घालून बसलेली. तिच्यापुढं पाटावर कंपनीचा कोरा करकरीत फोन. फोन मराठीत बोलत होता, "सुरू करण्यासाठी स्क्रीनला स्पर्श करा." आईनं ऐकलं. पदराला हात पुसला. परत पुसला. मग कॅमेऱ्यामागं बसलेल्या निनादकडं बघून म्हणली, "शिवू का, साहेब?"

कुणी बोललं न्हाई.

फोननं परत तेच सांगितलं. आईनं परत विचारलं, "शिवू का?" कुणीच बोललं न्हाई. तिनं हात मांडीत घेतले आणि गप बसून राहिली. निनादनं त्याच्यावर घड्याळाची टिकटिक टाकली होती. चौकटी-चौकटीतली तोंडं हसायला लागली. एक पोरगी म्हणाली, "किती गोड. फोनची परवानगी मागतायत."

आणि माझ्यामागं आई पण हसली. तिला वाटलं, कौतुकच चाललंय. "मीच हाय की गं ती," म्हणत सूप बाजूला ठेवून ती पुढं सरकली. लोकांनी आग्रह केला म्हणून निनादनं व्हिडिओ परत लावला. या वेळी तिनं नीट ऐकलं. आधी स्वतःचा आवाज, मग त्याच्यावरचं हसणं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात माझ्या खांद्यामागं तिचं तोंड दिसत होतं. ते उतरलेलं मी बघितलं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीकडं सरकली, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून.

हळूच म्हणली, "माह्यामुळं तुह्या कामात काई बिघडलं का गं?"



आमचं काम काय, ते सांगते. वस्तू बनवायच्या आधी ती वापरणाऱ्या माणसापाशी जायचं. तो कुठं अडतो, काहून अडतो, ते बघायचं. मग वस्तू त्याच्या हाताला येईल अशी करायची. पहिल्या दिवशी शिकवतात की माणूस अडला तर चूक माणसाची नसते, आपल्या डिझाइनची असते. मला या एका वाक्यानं वेड लावलं होतं. शाळेपासून सगळीकडं चूक आमचीच निघायची. इथं कुणीतरी पहिल्यांदा उलटं बोलत होतं. मला वाटलं, ही जागा आपली.

आम्ही शेतमजूर बायांसाठी ॲप करत होतो. कुणाच्या रानात काम हाय ते फोनवर कळावं, बाईनं हो किंवा न्हाई म्हणावं. आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढत आलेली. टीम गावात आली तेव्हा ती हौसेनं चाचणीला बसली. मला मात्र बाहेर काढलं. घरचं माणूस समोर असलं की वापरणारा त्याच्याकडं बघतो, असा नियम. दुसरा नियम, चाचणी चालू असताना त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं न्हाई. त्याचं त्याला करू द्यायचं. नियम बराबर हायेत. पण ते ज्यांनी केले, त्यांना हात लावायच्या आधी कधी कुणाला विचारावं लागलं नसंल.

आई लग्न होऊन आली तेव्हापासून मालकाच्या वाड्यावर जाते. तिथं विळा हातात देत न्हाईत, भुईवर ठेवतात, मग हिनं उचलायचा. पाणी वरून ओंजळीत. नवीन असताना तिनं न विचारता एक घागर बाजूला सरकवली होती. मालकिणीनं तिच्यादेखत ती घासून घेतली. तेव्हापासून दुसऱ्याची चीज समोर आली की आई आधी विचारते. कायदा झाला, जमाना बदलला, सगळं खरंय. तिच्या हाताला कुणी जाऊन सांगितलं न्हाई.

निनादचा निष्कर्ष तयार होता. तो म्हणाला, "युजर तंत्रज्ञानाला घाबरते." मग मला म्हणाला, "तू याचा पर्सोना बनव. घाबरट ग्रामीण महिला. आणि क्लिपखाली इंग्रजी ओळी टाक, क्लायंटला सुरुवातीलाच दाखवू."

पर्सोना म्हणजे नमुन्याचं माणूस. एकदा तो ठरला की सगळी टीम त्याच्यासाठीच बनवत जाते. म्हणजे माझ्या आईला एकदा घाबरट लिहिलं की पुढं प्रत्येक बाईशी ते ॲप येड्याशी बोलावं तसं बोलणार. आणि ते लिहायचं मी.

मी माइक चालू केला. "ती फोनला घाबरली न्हाई. ती तुला विचारत होती."

"म्हणजे?"

"तुझ्यापुढं फोन ठेवला तर तू कुणाला विचारतोस का, शिवू का म्हणून?"

निनाद म्हणाला, "यात जात कुठून आली? पर्सनली घेऊ नकोस. भावना बाजूला ठेव, डेटा बघ."

मी आवाज चढू दिला न्हाई. म्हणलं, "आईनं शिकण्यासाठी व्हिडिओ काढू दिला, हसण्यासाठी न्हाई. तिनं दिलेली संमती मी तिच्यासमोर मागं घेते. क्लिप काढा. पर्सोना मी बनवणार न्हाई."

"आपण नंतर बोलू," म्हणून त्यानं मीटिंग संपवली.

मी मागं वळले. आई तूर निवडत होती. म्हणली, "कशाला भांडलीस लेकरा. हसले तर हसले. तुही नोकरी जाईल ना." मी तिला सगळं समजावून सांगितलं, तिची कुठंच चूक न्हाई म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली. पण आधी ती माझ्या फोनवर माझ्या भावाच्या लेकराचे फोटो स्वतः बोटानं सरकवून बघायची. आता तूच दाखव म्हणते. हात पदराखालीच ठेवते. मालकाच्या वाड्यानं तिच्यापासून जे घेतलं, ते मी चांगल्या शिक्षणानं, चांगल्या नोकरीनं घरात परत आणीन असं वाटलं होतं. मीच आणलेल्या माणसांनी उरलंसुरलं नेलं. याचं दुःख कुणाला सांगू.

निनादचा मेसेज आलाय. क्लिप क्लायंटला आवडेल, दुसऱ्या कुणाकडून ओळी टाकून घेतो. सोमवारी सगळ्यांसमोर दाखवणार हाय.

सोमवारी मी त्या मीटिंगमध्ये बसणार. क्लायंटसमोर, क्लिप सुरू व्हायच्या आधी, मी सांगणार की ही बाई कोण, तिनं काय विचारलं आणि कोण गप बसलं. नोकरी काढून घेतली तर घ्या. दुसरीकडं हेच काम करीन, आणि जिथं करीन तिथं बाईनं विचारलं की तुमचा नियम मोडून तिला उत्तर देईन.